काकूंनी बसवलेलं यंत्र

माझी गाडी चोरीला गेली ती जेमतेम चाळीस पावलं.

त्या दिवशी धाराशिवला आमची महिन्याची मीटिंग होती. मी ईट गावच्या सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. आसपासच्या गावांत लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, आणि महिन्यातून एकदा रजिस्टरं काखोटीला मारून जिल्ह्याच्या गावी हजेरी. मीटिंग दुपारी तीनला सुटली. सकाळी ज्या गल्लीत गाडी लावली होती तिथं आले तर जागा रिकामी. मग नजर पुढं गेली. गल्लीच्या वळणावर, लिंबाच्या झाडाला टेकल्यासारखी, गाडी तिरकी उभी होती. उजवीकडची काच फुटलेली, दार सताड उघडं, आणि स्टिअरिंगखाली वायरींचा गुंता लोंबत होता.

समोरच्या रसवंतीवाल्यानं सगळं बघितलं होतं. तो म्हणाला, "दोघं होते ताई. मला वाटलं गाडी त्यांचीच. सुरू केली, इथवर आली न् बंद पडली. लई खटपट केली त्यांनी. शेवटी ढकलाया लागले. म्या म्हणलं, थांबा, मी बी हात लावतो. तर माझ्याकडं बघितलं आन् पळालेच की."

मला त्या स्थितीतही हसू आलं. गाडी का बंद पडली ते मला ठाऊक होतं.

ही गाडी मी तीन वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मुरूम गावाहून घेतली होती, जुनी, पण निगुतीनं वापरलेली. आमच्या दवाखान्यातल्या वरिष्ठ बाईंचं माहेर मुरूमचं, त्यांच्या शेजारच्या काकू गाडी विकत होत्या. मी न् माझे मिस्टर आणायला गेलो तेव्हा काकूंनी चावी हातात दिली आणि चालकाच्या सीटच्या डाव्या अंगाला, मॅटखाली, हरभऱ्याएवढं एक बटण दाखवलं. "सुरू करायच्या आधी हे दाबायचं. न्हाय दाबलं तर गाडी जरा येळ चालती न् बंद पडती." मी विचारलं, "चोरांसाठी का?" काकू "व्हय" म्हणाल्या आणि आत बघत घाईघाईनं म्हणाल्या, "आता निघा बाई तुमी. ह्यांची आंघोळ उरकायच्या आत निघा." मला ते जरा विचित्र वाटलं होतं. पण नव्या गाडीचा आनंद होता, मी जास्त विचार केला नाही.

तर त्या बटणानं गाडी वाचवली. पोलिसांत तक्रार दिली, गाडी टोचन करून, ओढत तिथल्याच गॅरेजला नेली, विम्याच्या कंपनीला फोन केला. वाटलं, आता काय, सोपंच आहे.

चौथ्या दिवशी नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला. तिशीतला, अबोल, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेला माणूस. त्यानं गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग हातातल्या पाटीसारख्या टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, पॉलिसीवर चोरीविरोधी यंत्र बसवलेलं आहे अशी नोंद आहे. ते दाखवा."

मी बटण दाखवलं.

"हे बटण झालं. यंत्र म्हणजे डबा. त्याच्यावर नंबर असतो. तो नंबर बसवणाऱ्यानं दिलेल्या प्रमाणपत्राशी जुळायला पाहिजे. प्रमाणपत्र आहे?"

माझ्याकडं नव्हतं. पॉलिसी नावावर करताना ती नोंद आधीच्या मालकाकडून जशीच्या तशी माझ्याकडं आली होती, गाडीच्या रंगासारखी. मी म्हणाले, "अहो, पण गाडी बंद पडली ना त्याच्यामुळंच! नाहीतर चोर घेऊन गेले नसते का?"

"गाडी बंद पडायला शंभर कारणं असतात, मॅडम." तो उद्धटपणे बोलत नव्हता. रोज बोलावं लागणारं वाक्य तो बोलत होता. "नोंद आहे आणि यंत्र सापडलं नाही, तर चुकीची माहिती दिली असं होतं. मग हा क्लेम अडकतो."

गॅरेजचे मिस्त्री वाकून वाकून दमले. बटणाची वायर डॅशबोर्डच्या मागं कुठंतरी जात होती, पुढं पत्ता लागत नव्हता. पूर्ण डॅशबोर्ड उतरवला असता तर सापडला असता डबा, पण सर्व्हे होईपर्यंत गाडीला पाना लावायचा नाही असं सर्व्हेअरनं बजावलं होतं. यंत्र दाखवल्याशिवाय सर्व्हे पुरा होणार नाही, आणि सर्व्हे झाल्याशिवाय यंत्र शोधता येणार नाही. मिस्त्री म्हणाले, "ज्यानं बसवलं त्यालाच इचारा. त्यो सांगंल एका मिनिटात."

मला राग आला होता, खरं सांगते. नोकरीत आयुष्यभर मी दुसऱ्यांकडं पुरावा मागत आले. बाळाचं कार्ड कुठंय, मागची तारीख कुठंय, सही कुठंय. कार्ड हरवलेल्या बाईला मी किती वेळा म्हणाले असेन, लिहिलेलं नाही म्हणजे दिलेलं नाही. आता तेच मला कुणीतरी शांतपणे म्हणत होतं आणि मला ते झोंबत होतं.

काकूंचा नंबर लागत नव्हता. रविवारी मी धाराशिवहून एसटीनं निघाले. मिस्टर ढोकीला साखर कारखान्यात नोकरीला, गळिताचा हंगाम चालू, त्यांना सुट्टी नव्हती. तुळजापूर, नळदुर्ग मागं पडलं, हायवे सोडून गाडी मुरूमकडं वळली तशी बसमधल्या बोलण्यात कानडी मिसळायला लागली. माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघी एक वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवत होत्या.

काकूंनी दार उघडलं आणि मला ओळखलं. "सिस्टर? गाडीला काय झालं?" तिन्ही सांजेला दारात पोलीस यावा तसा त्यांचा चेहरा झाला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चोरांची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले.

"म्हंजी खऱ्या चोरावर बी चाललं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "खऱ्या चोरावर म्हणजे?"

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. बाहेरच्या खोलीत काका खुर्चीवर बसले होते, पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला पेन. काकू चहा ठेवत हळू आवाजात सांगायला लागल्या.

काका पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, तिच्यावर त्यांचा जीव. रोज सकाळी फडक्यानं पुसायची, मळ्यापर्यंत एक चक्कर मारायची. मग हळूहळू विसरायला लागले. आधी नावं, मग वार. एक दिवस मळ्याला म्हणून गेले ते दुपार टळली तरी परतले नाहीत. संध्याकाळी एका ढाब्यावरून फोन आला, कर्नाटकाच्या हद्दीतून. गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. ढाबेवाल्यानं काकांच्या खिशातल्या डायरीतून नंबर शोधला होता.

"मी चावी लपवली," काकू म्हणाल्या. "तर घर डोक्यावर घेतलं. माझी चावी चोरली म्हणं. मग रडले. चाळीस वरसांत मी त्यास्नी रडताना बघितलं नव्हतं, सिस्टर. त्यो दिवस मला आजून आठवतो."

तेव्हा उमरग्याहून गाड्यांना असली यंत्रं बसवणारा एक जण येत असे. काकूंनी त्याला विचारलं, चावी ह्यांच्याजवळच राहील पण गाडी जाणार नाही असं काही असतं का? तो म्हणाला, असतं की. काका झोपलेले असताना दुपारी त्यानं ते बसवलं. गाडी अंगणात सज्ज्याखाली, आत अंधार, म्हणून काकू शेजारच्या सीटवर बसून त्याला हातातल्या बॅटरीचा उजेड दाखवत होत्या.

त्यानंतर रोज सकाळी काका गाडीत बसायचे, चावी फिरवायचे. गाडी सुरू व्हायची, फाटकापर्यंत जायची आणि बंद पडायची. काका उतरून म्हणायचे, "बिघाड आहे काहीतरी. उद्या मिस्त्रीला दाखवू." काकू म्हणायच्या, "दाखवू." मग ते फडकं घेऊन गाडी पुसायचे. चावी त्यांच्या खिशातच असायची. असं वर्षभर चाललं. मग ते फाटकाबाहेर उतारावर गाडी ढकलायला बघायला लागले, तेव्हा काकूंनी विकायचं ठरवलं.

"विम्याच्या फारमवर त्या माणसानंच लिहिलं, चोरीविरोधी यंत्र. कशासाठी बसवलं असं कुणी इचारलंच न्हाय." त्यांनी चहा गाळला. "माज्या मनाला मात्र लई लागतं. चोर कोण न् मालक कोण, सगळं उलटंच केलं मी."

मी असे पेशंट पाहिले आहेत. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ते मला पाठ आहे. पण त्या वेळी तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ डोळ्यापुढं आली. आत न्हाणीत तांब्याचा आवाज येत होता आणि आम्ही नवराबायको हसत हसत त्यांची गाडी फाटकातून बाहेर काढत होतो.

"प्रमाणपत्र आहे का, काकू?"

"असंल. इकताना लागले तेवढे माज्याकडं हुते, गाडीचे बाकीचे कागद त्यांच्या पेटीत हाईत. पर पेटीला मला हात लावू देत न्हाईत. तुम्हालाच मागावं लागंल."

"ते विचारतील ना, कोण तुम्ही?"

काकूंनी आवाज आणखी खाली आणला. "त्यास्नी मी सांगितलंय, गाडी गॅरेजला हाय म्हणून. तीन वरसं झाली. तुम्ही त्या गॅरेजकडनं आलाय असं म्हणलं तर चालंल का?"

मी नाही म्हणू शकले नाही, हो पण म्हणवेना. चहाचा कप घेऊन बाहेर गेले आणि काकांच्या समोर बसले. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि अगदी आस्थेनं विचारलं, "ऊटा आय्तेन्री?" जेवण झालं का, असं ते कानडीत विचारत होते. मी मान हलवली. मग मराठीत म्हणाले, "कुठून आलात आपण?"

"धाराशिवहून. गाडीचं काम आहे, काका. गाडी गॅरेजमध्ये आहे."

हे म्हणताना मला कळलं की मी खोटं बोललेच नाही. गाडी खरोखरच गॅरेजमध्ये होती.

त्यांचा चेहरा उजळला. "झाली का?"

"नाही अजून. एक कागद लागतोय. यंत्र बसवल्याचं प्रमाणपत्र. तो मिळाला की काम सुरू होईल."

"कागदाशिवाय काम कसं सुरू होईल?" ते म्हणाले, जणू मी त्यांच्याच मनातलं बोलले. उठले, कमरेची किल्ली काढली, भिंतीलगतची लोखंडी पेटी उघडली. आत फायली उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. आज वार कोणता हे न सांगता येणाऱ्या त्या माणसानं पाच मिनिटांत तो कागद काढला. पिवळट, घडी न पडलेला. वर यंत्राचा नंबर, गाडीचा नंबर, खाली शिक्का.

मी हात पुढं केला तर त्यांनी कागद मागं घेतला. पेटीतून एक वही काढली, चष्मा लावला, त्यात कागदाचं वर्णन लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. "सही. आणि परत कधी, तेही लिहा."

मी सही केली. आठ दिवसांत परत, असं लिहिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि कागद दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. दारातून काकू बघत होत्या.

कागद मिळाला, पण डबा? उमरग्याचा तो माणूस पुण्याला गेला म्हणे, पत्ता नाही. मी निघताना काकूंना विचारलं, बॅटरी धरली होती तेव्हा त्यानं डबा कुठं ठेवला ते आठवतं का? त्यांनी हवेत हात घालून दाखवायचा प्रयत्न केला. डावीकडं, मग वर, मग मागं. मला काही कळेना. त्याच म्हणाल्या, "सांगून न्हाय कळणार. गाडी पुढं पाहिजे." आणि क्षणभरानं, "मी येते."

त्या घराबाहेर पडून किती दिवस झाले होते ते त्यांनाच सांगता आलं नाही. त्यांची धाकटी बहीण गल्लीतच राहायची, ती दिवसभर काकांजवळ बसायला तयार झाली. बुधवारी सकाळच्या एसटीनं काकू एकट्या धाराशिवला उतरल्या. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. बस स्टँडवरून गॅरेजपर्यंत रिक्षात त्या लहान मुलीसारख्या दोन्ही बाजूंना बघत होत्या. "केवढं वाढलंय गाव," म्हणत होत्या.

सर्व्हेअर वेळेवर आला होता. त्यानं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं, नंबर टॅबवर घातला. "कागद बरोबर आहे. आता डबा."

काकूंनी गाडीकडं पाहिलं. फुटलेल्या काचेच्या दारावरून एकदा हात फिरवला. मग शेजारच्या सीटवर बसल्या, त्या दुपारी बसल्या होत्या तशाच, आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "बॅटरी द्या." बॅटरी डाव्या हातात धरून त्यांनी डोळे मिटले. उजवा हात डॅशबोर्डच्या खाली घातला, कोपरापर्यंत. बांगड्या वाजल्या. "हितं एक पट्टी हाय... तिच्यावर... हां." त्यांनी डोळे उघडले. "मिस्त्री, माज्या बोटाच्या मागं बघा."

मिस्त्रींनी मान वाकडी करून आत पाहिलं. "आयला! हवेच्या नळीच्या मागं बांधलाय. काळी टेप गुंडाळून. कसा दिसंल?"

टेप सोडवली. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा होता. मिस्त्रींनी मोबाईल आत घालून फोटो काढला. सर्व्हेअरनं एक एक आकडा वाचला, मी कागदावर बोट ठेवून जुळवला. शेवटचा आकडाही जुळला.

"चालतंय का ते दाखवा," सर्व्हेअर म्हणाला.

मिस्त्रींनी तुटलेल्या कुलपाच्या वायरी जोडून गाडी सुरू केली, बटण न दाबता. इंजिन लागलं. थोड्या वेळात इंजिन एकदा थरथरलं, खोकल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. मग मिस्त्रींनी बटण दाबलं, पुन्हा सुरू केली. या वेळी ती चालूच राहिली.

काकूंच्या गालावरून पाणी वाहत होतं. सर्व्हेअर गोंधळला. "काय झालं, काकू?"

"काय न्हाय. ह्योच आवाज. वरीसभर रोज ऐकला मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. सांगावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. काकूंनीच सांगितलं. रस्त्यावरच्या माणसाला घराचा पत्ता सांगावा इतक्या साधेपणानं, चार वाक्यांत. हे चोरासाठी बसवलं नव्हतं, माझ्या मालकांसाठी बसवलं होतं. ते वाट विसरायचे. आणि मग, "तुमच्या कागदात बसत नसंल तर तसं ल्ह्या. खोटं मला नको."

एवढं सगळं जुळून आल्यावर आता हा माणूस काय लिहील? सर्व्हेअर टॅब काकूंपुढं धरून म्हणाला, "काकू, माझ्या फॉर्मवर दोनच प्रश्न आहेत. यंत्र बसवलेलं आहे का, आणि चालू आहे का. दोन्हीचं उत्तर हो." त्यानं तिथं बोट टेकवलं. जाता जाता त्यानं विचारलं, "आता कसे आहेत ते?"

"हाईत," काकू म्हणाल्या. "जेवत्यात, झोपत्यात. कागद सांभाळत्यात."

प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून मूळ कागद मी काकूंच्या पिशवीत घातला. दुपारच्या बसला अजून तासभर होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही जेवलो. काकूंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्याच्या हातचं खाऊन किती दिवस झाले. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी काकांसमोर मी जे बोलले ते तुम्हाला चुकीचं वाटलं का? त्या हात धुऊन आल्या.

"मला आधी वाटायचं, मी रोज फसवते त्यास्नी," त्या म्हणाल्या. "आता तसं वाटंना. ते गाडीत बसले की दहा मिनिटं का हुईना, पयल्यासारखे असायचे. ताठ. त्या दहा मिनिटांसाठी मी केलं. देव काय म्हणंल ते म्हणू दे."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून त्या खूश होत्या. बस हलली तरी हात हलवत होत्या.

क्लेम पास झाल्याचा निरोप पाच आठवड्यांनी आला. तोवर उन्हाळा चांगलाच तापला होता. नवी काच, नवं कुलूप बसून गाडी ईटला परत आली. मिस्त्रींनी विचारलं होतं, डब्याची जागा बदलायची का, आता आम्हा सगळ्यांना ठाऊक झालीय. मी म्हणाले, राहू द्या तिथंच.

त्याच दिवशी काकूंना फोन लावला. या वेळी लागला. बातमी ऐकून त्या "बरं झालं बाई, सुटलीस," एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होत्या. त्यांना दुसरंच काही सांगायची घाई होती. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि काका सकाळपासून काठी घेऊन राखणीला बसले होते. टोपी घालून. कावळा आला की उठायचे, गेला की बसायचे.

"एक बी कुरडई जाऊ दिली न्हाय," काकू म्हणाल्या. "थांब, फोन ठेवते. ऊन लई झालंय, त्यास्नी पाणी नेऊन देते."